चूक, शिक्षा आणि शिक्षण

(शब्बाथ शाळेचे शिक्षक व मंडळीतील आईबाप ह्यांच्याकरिता धडा)

शास्त्रपाठ : मार्क ८:१४-२१, प्रेषितांची कृत्ये १३:५, १३, १५:३६-४०, १८:२४-२८, कलस्सै. ३:२१, ४:१०.

आपल्या मराठीत 'शिक्षा' आणि 'शिक्षण' हे दोन शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकविणे. वेदाच्या सहा अंगांपैकी उच्चारशास्त्राला हेच नाव आहे. आजही हिंदी बोलणारा बाप आपल्या मुलाला चांगली शिक्षा दिली असे अभिमानाने सांगतो, तेव्हा त्याने त्यास उत्तम शाळेत घातलेले असते. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे दंड. तुरुंगात जाणारा शिक्षा भोगतो आणि शाळेत जाणारा शिक्षण घेतो. हा अर्थ कसा पालटला असे आपल्या वाडवडिलांस विचारले असते, तर त्यांनी मुकाट्याने आपल्या पाठीकडे बोट दाखविले असते. अंगठे धरून ओणवे उभे राहणे, कान पिळणे, कोंबडा, उठाबशा, चिंचेची ओली फोक, पट्टीच्या कडेने बोटांच्या पेरांवर मार, हा सर्व जणू अभ्यासक्रमाचाच भाग होता. मुलास शाळेत घालताना बाप गुरुजींस बजावून सांगत असे की, हातपाय तेवढे मोडू नका, बाकी काय करावयाचे ते करा.

हा घोटाळा केवळ आपल्याच भाषेत झाला आहे असे समजू नये. मोशे मिसरी लोकांच्या विद्येत शिकून तयार झाला हे लूक ज्या ग्रीक क्रियापदाने सांगतो (प्रे. कृत्ये ७:२२), आणि पौल गमलियेलाच्या पायाशी शिकला हे ज्याने सांगतो (२२:३), तेच क्रियापद त्याच्या शुभवर्तमानात पिलाताच्या तोंडी आहे. येशूला फटके मारवून सोडून देण्याचा आपला बेत पिलात लोकांस कळवितो, तेथे मूळ ग्रीकात हाच शब्द आढळतो (लूक २३:१६). गुरूचे चरण आणि शिपायाचा चाबूक ही दोन्ही एका शब्दात कोंबलेली पाहून वाचकाचे मन चरकल्यावाचून राहत नाही.

तेव्हा आजच्या धड्याचा प्रश्न फार जुना आहे. मुलाची चूक झाली म्हणजे शिकविणाऱ्याने काय करावे?

ह्याचे उत्तर शास्त्रात शोधण्यापूर्वी प्रस्तुत लेखकास स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती न सांगता इतरांस उपदेश करणे बरे दिसणार नाही. बीड व अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतील कित्येक गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडणीस जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. अशा एका गावी लेखक शब्बाथ शाळेचा वर्ग चालवीत असे. हंगाम संपवून परतलेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा वर्गात आला. सुवर्णवचन म्हणून दाखविण्याची त्याची पाळी आली, तेव्हा त्याने शब्दांची अशी उलथापालथ केली की, वचनाचा अर्थ नेमका उलटा झाला. वर्गात हशा पिकला. लेखकाचे मस्तक तापले. आठवडाभर घरी एक वचन पाठ करता येत नाही काय, असे दरडावून त्याने त्या मुलास वर्ग संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे केले. मार दिला नाही. त्या वेळी त्याचे मनाला थोडे समाधानही वाटले, की आपण कसे सौम्य आहोत!

पुढील दोन रविवार मुलगा आला नाही. दोनदा इतर मुलांकडून निरोप पाठविला, तरी नाही. तेव्हा लेखक त्याच्या घरी गेला. मुलाची आई दारात सारवीत बसली होती. तिने सर्व ऐकून घेतले आणि हातचे काम न थांबविता म्हटले, "मास्तर, त्याला येत नव्हतं म्हणून तर तुमच्याकडं धाडला व्हता."

ह्या वाक्यास उत्तर नव्हते, आणि अद्यापि सापडलेले नाही. मग हळूहळू बाकीचे कळले. ते वचन मुलास कोणी शिकविले होते? त्याच्या थोरल्या बहिणीने. तिला वाचता येत नव्हते. आदल्या वर्षी कानांवर पडले होते तेवढे तिला आठवत होते. कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोपीत, रात्री, दिवसभराची मोळ्यांची ओझी उतरल्यावर, ती भावाकडून म्हणवून घेत असे. जी उलथापालथ ऐकून वर्ग हसला, ती पाच महिन्यांच्या श्रमाची निशाणी होती. ज्या मुलाने काहीच केले नव्हते ते सर्व मागल्या ओळीत गप्प बसून सुरक्षित राहिले. ज्याने केले तो भिंतीशी उभा राहिला.

येथे कोणी म्हणेल की, आता ह्या विषयाची चर्चा कशाला? छडी तर कायद्यानेच बंद झाली आहे. ते खरे आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील सतराव्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे ह्या दोहोंचीही मनाई केली आहे. ज्या मंडळ्यांच्या देखरेखीखाली निराधार मुलांची बालगृहे चालतात, त्यांनी २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ब्याऐंशीवे कलमही वाचून ठेवावे. अशा संस्थेत शिस्तीच्या नावाने मुलास मारणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल दहा हजार रुपये दंड सांगितला आहे, आणि पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे नियम योग्यच आहेत आणि ते पाळले गेले पाहिजेत. परंतु हात आवरणे म्हणजे शिकविणे नव्हे. छडी खुंटीला टांगूनही शिक्षकाच्या जिभेत, त्याच्या भुवयांत आणि वर्गाच्या हशात ती राहू शकते, हे वरील गोष्टीवरून दिसून येईल.

आता 'चूक' ह्या शब्दाकडे पाहू. आपण म्हणतो, नेम चुकला, वाट चुकली, गाडी चुकली. चुकणारा कोणत्या तरी ठिकाणाकडे निघालेला असतो, हे ह्या शब्दातच गृहीत आहे. जो घरी निजला त्याची वाट चुकत नाही. शास्ते २०:१६ ह्यात बन्यामिनी वंशातल्या सातशे डावखुऱ्या वीरांचे वर्णन आहे. केसाएवढ्या खुणेवरही ते गोफणीचा धोंडा नेमका मारीत, चुकत नसत. तेथे 'चुकणे' ह्या अर्थी जे मूळ इब्री क्रियापद आहे, तेच जुन्या करारात अन्यत्र पाप करण्याविषयी येते. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून ज्याने पाखरे राखली आहेत त्यास हा दाखला समजावून सांगावा लागणार नाही. गोफण शिकणाऱ्या पोराचा धोंडा कोठे पडला हे पाहूनच त्याचा हात कोठे ढिला पडतो ते जाणत्यास कळते. पडलेल्या धोंड्याकडे न पाहता पोराच्या पाठीत गुद्दा घातला, तर पुढला धोंडा अधिक सरळ जाईल असे कोण म्हणेल?

मात्र ह्यावरून कोणी असे समजू नये की, पाप म्हणजे केवळ चूक, आणि म्हणून ते हसण्यावारी न्यावे. मोशेचे नियमशास्त्रच येथे भेद करिते. गणना १५:२२-३१ ह्यात नकळत घडलेल्या दोषाकरिता अर्पण व क्षमा सांगितली आहे, आणि हात उगारून, जाणूनबुजून केलेल्या पापाची गोष्ट निराळी काढली आहे. आपल्या वर्गांत गडबड होते ती येथेच. पाढा चुकणे, शब्द अडखळणे, वचन विसरणे, ह्यांस आपण त्याच पंक्तीला बसवितो ज्या पंक्तीला खोटे बोलणे किंवा दुबळ्या मुलास मारणे बसावे. कित्येकदा तर उलटे होते. पाठांतर चुकलेल्यास ताबडतोब दंड, आणि शेजाऱ्याची पेन्सिल चोरणाऱ्या हुशार मुलाकडे काणाडोळा!

चुकीत काय दडलेले असते ह्याचे एक साधे उदाहरण घेऊ. बावन्नातून सतरा वजा करावयास सांगितले असता पुष्कळ मुले उत्तर पंचेचाळीस काढतात. बरोबर उत्तर पस्तीस. शिक्षक फुली मारतो, फार तर 'लक्ष देत नाहीस' असे म्हणतो. परंतु मुलाने लक्ष दिलेच आहे! त्याने सातांतून दोन वजा केले, पाच उरले. पाचांतून एक वजा केला, चार उरले. लहान आकडा मोठ्यातून वजा करावयाचा हे त्यास पूर्वी शिकविले होते, आणि तो नियम त्याने इमानाने पाळला. फक्त कोणता आकडा वर आहे आणि कोणता खाली, ह्याकडे त्याचे पाहावयाचे राहिले. त्याच मुलास एकसष्टातून अठ्ठावीस वजा करावयास द्या. तो सत्तेचाळीस म्हणेल, हे शिक्षकास अगोदर सांगता येईल. ज्या चुकीचे भाकीत करता येते ती हलगर्जीपणाची चूक नव्हे. तो एक नियम आहे, आणि त्या नियमाच्या जागी दुसरा नियम बसविला पाहिजे. दहाच्या पाच नोटा व दोन सुटे रुपये मुलाच्या हाती द्यावे आणि सतरा रुपये मागावे. एक नोट मोडल्यावाचून देता येत नाहीत हे त्याच्या बोटांनाच कळेल. पाच मिनिटांचे काम आहे. भिंतीकडे तोंड करून उभे राहण्यात ह्याहून अधिक वेळ जातो.

मराठी मुलांची आणखी एक चूक ध्यानात घेण्याजोगी आहे. 'त्रेपन्न' लिहावयास सांगितले की, मूल ३५ लिहिते. का? कारण आपली भाषा तीन अगोदर उच्चारिते आणि पन्नास मागून. लिहावयाचे मात्र पाच अगोदर. कानाने ऐकलेल्या क्रमाने ज्याने लिहिले, त्याने आपल्या कानावर विश्वास ठेवला. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा मोठा वाद झाला, आणि मराठीची जुनी संख्यानामे बुडतील अशी भीती पुष्कळांनी व्यक्त केली. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. (लेखकास स्वतःस जुनी नावेच गोड वाटतात.) परंतु पिढ्यानपिढ्या ज्या चुकीबद्दल मुलांनी हातावर छड्या खाल्ल्या, तिचे मूळ मुलांच्या आळसात नसून भाषेच्या रचनेत होते, हे त्या निमित्ताने घरोघरी बोलले गेले, एवढे तरी झाले. तसेच घरी ज्यांच्या तोंडी 'पानी' आहे ती मुले 'पाणी' लिहिताना अडखळणारच. त्या मुलास हसणारा शिक्षक त्याच्या आईच्या बोलीला हसत असतो, आणि मुलास ते समजते.

मारिया मॉन्टेसरी ह्या इटालियन डॉक्टरबाईंनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह उघडले. पुढे १९३९ साली त्या मद्रासजवळ अड्यार येथे आल्या व युद्धाची वर्षे त्यांनी आपल्या देशातच काढली. त्यांच्या साधनांपैकी एक लाकडी ठोकळा आहे. त्यात दहा खळगे असतात, आणि दहा दट्टे त्यांत बसवावयाचे असतात. कोणताही दोन सारख्या मापाचे नाहीत. मुलाने एक दट्टा मोठ्या खळग्यात बसविला तर त्या वेळी काहीच बिघडत नाही. परंतु शेवटी एक दट्टा हाती उरतो आणि तो कोठेच जात नाही. मूल थांबते, पाहते, सर्व काढते, पुन्हा बसविते. शिक्षिकेने 'चुकलास' हा शब्दही उच्चारावयाचा नसतो; चूक दाखविण्याचे काम ठोकळ्यावर सोपविलेले असते. म्हणून मुलास चुकीची लाज वाटत नाही, तिचा शोध घ्यावासा वाटतो.

ही पद्धत श्रीमंतांच्या शाळांकरिता आहे, खेड्यात काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांस ताराबाई मोडक ह्यांचे उदाहरण पुरे आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका ह्यांच्या बालमंदिरात अनुभव घेऊन, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेऊन, त्यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या त्या वेळच्या हद्दीतील बोर्डी गावी अनुताई वाघ ह्यांच्यासह बालशिक्षणाचे काम आरंभिले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत चालले. मुले शाळेत येत नाहीत ही तेथली अडचण. गैरहजेरीबद्दल शिक्षा करावी हा जुना उपाय. बाईंनी तसे न करिता मुले कोठे असतात हे पाहिले. ती गुरे राखावयास जात होती. तेव्हा शाळाच कुरणात गेली, आणि तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. वस्तीच्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. आज हा शब्द देशभर झाला आहे. चुकलेल्याकडे जाऊन त्याची अडचण पाहणे, हे त्यांच्या कामाचे रहस्य होते असे आम्हांस वाटते, आणि ज्याने नव्याण्णव मेंढरे ठेवून एकामागे गेलेल्या मेंढपाळाचा दाखला वाचला आहे त्यास हे रहस्य परके वाटू नये.

आता शास्त्राकडे वळू. आणि प्रथम त्या वचनांकडे, जी काठीच्या बाजूने नेहमी पुढे केली जातात. नीतिसूत्रे १३:२४, २२:१५, २३:१३-१४ व २९:१५ ही ती वचने. कित्येक सदाशय लेखक म्हणतात की, तेथील 'काठी' केवळ अलंकारिक आहे. मूळ इब्री शब्द व्यापक आहे हे निश्चित. राजाचा दंड आणि मेंढपाळाची काठी ह्या दोहोंसही तो लागतो, आणि ज्या काठीमुळे दावीद राजा मृत्युछायेच्या दरीतही निर्भय आहे (स्तोत्र २३:४), तीही हाच शब्द आहे. आपला धनगर काठी बाळगतो ती मेंढरांस झोडपण्याकरिता नव्हे. लांडगा आला तर ती त्याच्यासाठी, आणि एरव्ही कळप वळविण्यासाठी. तथापि प्रामाणिकपणे वाचणाऱ्यास हे कबूल केले पाहिजे की, तेविसाव्या अध्यायात खरोखर मारण्याचीच गोष्ट आहे. त्यास उत्तर शब्दकोशात नाही. अनुवाद २१:१८-२१ ह्यात हट्टी मुलास वेशीपाशी धोंडमार करण्याचाही नियम आहे. तो आपल्यापैकी कोणी पाळीत नाही, पाळावा असेही म्हणत नाही. जुन्या कराराची वचने आपण प्रभूच्या पायांशी बसून वाचतो. त्याने बालकास मध्यभागी उभे केले ते लाजविण्यासाठी नव्हे (मत्तय १८:२-६), आणि लहानांस अडखळविणाऱ्याविषयी जे कठोर शब्द तो तेथे बोलला, ते शिक्षकांनी वर्गात शिरण्यापूर्वी एकवार वाचावे.

प्रभूने चुकणाऱ्या शिष्यांस कसे शिकविले ह्याचा उत्तम नमुना मार्काच्या आठव्या अध्यायात आहे. तारवात एकच भाकर होती. परूश्यांच्या खमिराविषयी सावध राहा असे प्रभूने म्हटले, आणि शिष्यांस वाटले की, भाकरी आणावयास विसरलो म्हणून तो बोलत आहे. दोनदा हजारोंना जेवण मिळाल्यावरची ही समज! प्रभूच्या बोलण्यात खेद आहे, तीक्ष्णताही आहे; तो चूक झाकीत नाही. पण पुढे तो काय करितो ते पाहावे. तो प्रश्न विचारतो, आणि असे प्रश्न की ज्यांची उत्तरे त्यांना येत आहेत. पाच हजारांच्या वेळी तुकड्यांच्या किती टोपल्या भरल्या? बारा. चार हजारांच्या वेळी? सात. उत्तरे बरोबर आली. मग तो त्यांच्याच उत्तरांपाशी त्यांना उभे करून विचारतो की, अजून कळत नाही काय? आणि तेथेच प्रसंग संपतो. अर्थ सांगून टाकलेला नाही. जे त्यांस येत होते त्यावरून जे येत नव्हते त्याकडे त्यांनी आपल्या पायांनी जावे, अशी ही रीत आहे. नोटा मोडून वजाबाकी समजणे ही तिचीच धाकटी बहीण होय.

दुसरा नमुना इफिस येथला. अपुल्लो हा मोठा वक्ता, शास्त्रात प्रवीण, आवेशी. परंतु त्याचे ज्ञान अपुरे होते, योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडे त्यास ठाऊक नव्हते. तो सभास्थानात बोलत असता ऐकणाऱ्यांत प्रिस्किल्ला व अक्विला हे दांपत्य होते. हातांनी तंबू करून पोट भरणारी ही माणसे (१८:३). त्यांनी भर सभेत उठून त्याची चूक दाखविली नाही; आणि 'एवढा विद्वान, आपण काय बोलावे' असे म्हणून ती तशीच राहूही दिली नाही. त्यांनी त्यास आपल्याकडे घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. त्यानंतर बंधुजनांनी त्यास पत्र देऊन अखयास पाठविले, आणि तेथे तो फार उपयोगी पडला. आमच्या मंडळ्यांत नवख्या तरुणाने उपदेशात एखादा दाखला चुकीचा दिला, तर बाहेर चपला घालताना किती जण त्याविषयी बोलतात, आणि त्यास घरी चहास बोलावून किती जण सांगतात, हा विचार ज्याचा त्याने करावा.

अपुल्लोची उणीव ज्ञानाची होती. योहान मार्काची गोष्ट ह्याहून अवघड आहे, कारण तेथे उणीव धैर्याची किंवा निष्ठेची होती. पंफुल्यातील पिर्गा येथून तो पौल व बर्णबा ह्यांस सोडून यरुशलेमास परत गेला. कारण लूक सांगत नाही. पुढच्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्यास घेऊ; पौल म्हणाला, नाही. वाद इतका विकोपास गेला की, दोघे वेगळे झाले. पौलाचे सर्वस्वी चुकले असे म्हणता येत नाही. मार्क गेल्यानंतरच्या त्या प्रवासात लुस्त्र येथे लोकांनी पौलास धोंडमार करून मेला समजून बाहेर ओढून टाकले होते (१४:१९). अशा वाटेवर मध्येच सोडून जाणारा सोबती नको वाटणे स्वाभाविक आहे. चूक करणाऱ्यास परिणाम भोगावे लागतात, आणि ते सर्व पुसून टाकणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु बर्णबाचे म्हणणे काही निराळेच होते. यरुशलेमातील शिष्य शौलास भीत होते तेव्हा त्यास हाती धरून प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा (९:२६-२७). त्याने मार्काचा दोष नाकारला असे कोठे लिहिलेले नाही. त्याने त्यास बरोबर घेतले, आणि दोघे तारवात बसून कुप्रास गेले.

त्या प्रवासाविषयी पुढे एक अक्षरही लिहिलेले नाही. फळ मात्र ठिकठिकाणी विखुरलेले सापडते. फिलेमोनाच्या पत्रात मार्काचे नाव सहकाऱ्यांत येते. पेत्र त्यास पुत्र म्हणतो. तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (४:११) बंदिवान पौल त्यास घेऊन येण्यास सांगतो, कारण सेवेत त्याचा उपयोग आहे. आणि कलस्सैकरांच्या पत्रात एक गोष्ट अशी आहे की, ती एका पानाच्या अंतरावर असूनही सहसा जोडून वाचली जात नाही. तिसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात पौल बापांस सांगतो की, मुलांस चिडवू नका, ती खचून जातील; आणि लगेच पुढच्या अध्यायात, दहाव्या वचनात, बर्णबाचा भाऊबंद मार्क तुमच्याकडे आला तर त्याचा स्वीकार करा असे लिहितो. पहिले वाक्य लिहिताना दुसरे मनात होते किंवा नाही हे कोण सांगणार? परंतु खचलेला तरुण कसा असतो हे पौलाने पाहिले होते. दुसरे शुभवर्तमान ह्याच मार्काने लिहिले अशी मंडळीची प्राचीन परंपरा आहे, आणि शिष्यांची मंदबुद्धी, भीती व पळून जाणे ही त्या शुभवर्तमानात जितकी उघडपणे मांडलेली आहेत तितकी दुसऱ्या कोणत्याही शुभवर्तमानात क्वचितच.

जाणूनबुजून केलेल्या अपराधाविषयी दोन शब्द. तेथे केवळ समजावून सांगणे पुरत नाही. परंतु तेथेही जे करावयाचे ते मोडलेले जोडण्याचे असावे. जक्कयाने ज्यांचे घेतले होते त्यांस चौपट परत करण्याचे कबूल केले (लूक १९:८). त्याच्या पाठीवर फटके मारून त्या लोकांस काय मिळाले असते? ज्या मुलाने पेन्सिल चोरली त्याने ती स्वतःच्या हाताने परत द्यावी. ज्याने बाकाची पट्टी मोडली त्याने सुताराजवळ बसून ती ठोकावी. हे ओणवे उभे राहण्यापेक्षा कठीण आहे, हे ज्यांनी करून पाहिले त्यांस ठाऊक आहे.

कायद्यातही अलीकडे ह्या दिशेचे एक पाऊल दिसते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या वर्गांत वार्षिक परीक्षा पुन्हा आली, आणि राज्यांस मुलास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली. परंतु नापास झालेल्यास प्रथम जादा शिक्षण द्यावे आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यावी असे तेथे लिहिले आहे. गावच्या शाळेत हे जादा शिक्षण खरोखर दिले जाते की नुसते कागदावर राहते, ह्याची चौकशी आईबापांनी मे महिन्यात शाळेत जाऊन करावी.

वर सांगितलेला मुलगा त्या उन्हाळ्यात वर्गात परत आला नाही. त्याची बहीण आली. ती मागे बसत असे आणि ओठ हलवून वचने म्हणत असे. तिला वाचावयास शिकविण्यास आम्ही आरंभ केला, पण दसरा आला आणि ट्रक भरले. ज्या मंडळ्यांतून कुटुंबे तोडणीस जातात तेथील शिक्षकांनी ह्या वर्षी आतापासूनच तयारीस लागावे. पाच महिन्यांची सुवर्णवचने मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून प्रत्येक घरी द्यावी, आणि ज्या घरी कोणास वाचता येत नाही तेथे वचने आपल्या आवाजात भरून त्यांच्या मोबाइलवर द्यावी. ट्रक सुटण्यापूर्वीच्या रविवारी मुलांकडून एकेक वचन म्हणवून घ्यावे. जेथे शब्द मागेपुढे होतील तेथे त्यास विचारावे, हे तू कोणाकडून शिकलास?